टॅब की स्पेस? दोघांच्या कोडची मांडणी जुळत नसेल तर काय करावं?

रत्नागिरीतले तुम्ही दोघे मित्र भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं अ‍ॅप पायथनमध्ये लिहिताय; ओळीआधी जागा सोडायला एकाला टॅब हवा, दुसऱ्याला स्पेस. मग स्पेसच घ्या, भांडण संपलं.

पायथनमध्ये मांडणी नुसती शोभेची नसते. कुठली ओळ कुठल्या ‘इफ’खाली येते ते इंडेंटवरूनच (ओळीआधी सोडलेल्या जागेवरूनच) ठरतं, आणि दोन्हींची खिचडी झाली तर पायथन ३ ‘टॅबएरर’ देऊन थांबू शकतो. २००१ पासूनचं ‘पेप ८’ हे पायथनच्या कोडशैलीचं मार्गदर्शन चार स्पेस सुचवतं. (गो भाषेतला कोड मांडून देणारं ‘गोफएमटी’ मात्र टॅबच घालतं, त्यामुळे यात धर्मयुद्ध करण्यासारखं काही नाही.)

‘ब्लॅक’ नावाचा फॉर्मॅटर (पायथन कोडची मांडणी नीट करणारं साधन) बसवा आणि फाइल सेव्ह होताना आपोआप चालू द्या. तो ओळ साधारण ८८ अक्षरांत बसवतो. फक्त जुन्या कोडवर पहिल्यांदा चालवाल तो कमिट (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली बदलांची एक नोंद) वेगळा ठेवा. मांडणी आणि खरा बदल एकाच कमिटमध्ये आले, की रिव्ह्यू करणाऱ्याला जाळंभर शेवाळातून एक बांगडा शोधावा लागतो. गिट २.२३ पासून ‘ब्लेम’ (कुठली ओळ कुणी, कुठल्या कमिटमध्ये बदलली ते) बघताना असा कमिट वगळताही येतो.

नावं मात्र कुठलाच फॉर्मॅटर सुधारत नाही, आणि माझ्या मते वाचनीयता तिथेच जास्त बिघडते. ‘टी१’, ‘टी२’ लिहू नका. ‘भरती_वेळ’, ‘ओहोटी_वेळ’ लिहा. पायथन ३ देवनागरी नावंही चालवतो, पण कीबोर्ड सारखा बदलून वैतागाल, तेव्हा रोमन लिपी बरी. पाण्याची उंची मीटरमध्ये असेल तर ‘मीटर’ हे नावातच घाला.