ॲडसेन्सचे पैसे वेस्टर्न युनियनवरून, पोस्टात जाऊन रोख घेता येतील का?

भारतात नाही. ॲडसेन्सचे, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती दाखवल्याबद्दल गूगलने दिलेले पैसे इथे बँकेतच येतात.

तुम्ही लिहिलंय की पाककृतींचा ब्लॉग आहे, खात्यात १०० डॉलर पार झालेत, पाकिस्तानातला एक ब्लॉगर वेस्टर्न युनियन या देशोदेशी पैसे पोहोचवणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर नोटा मोजून घेतानाचा व्हिडिओ पाहिला आणि तुमच्या गावच्या पोस्टाबाहेरही तोच काळा-पिवळा फलक लागलाय. मग बँकेचा व्याप कशाला, असं वाटणं साहजिक आहे. व्हिडिओ खोटा नसणार. पाकिस्तान, फिलिपिन्स अशा काही देशांत गूगलने 'क्विक कॅश' नावाची सोय दिली होती. महिन्याचा हिशेब पूर्ण झाला की खात्यात दहा आकडी नंबर दिसायचा. त्याला एमटीसीएन म्हणतात. तो नंबर आणि ओळखपत्र घेऊन जवळच्या एजंटाकडे जायचं, पैसे हातात. ठरलेल्या मुदतीत नेले नाहीत तर रक्कम परत ॲडसेन्स खात्यात जमा. ज्या देशात डॉलर बँकेत मागवणं महाग किंवा कटकटीचं, तिथल्या पोरांना या सोयीने मोठा आधार दिला.

आपल्याकडे अडतं ते रिझर्व्ह बँकेच्या नियमात. बाहेरून आलेले पैसे काउंटरवर देणाऱ्या या सगळ्या कंपन्या 'मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम' या योजनेखाली चालतात आणि ती योजना घरगुती पैशांसाठी आहे. परदेशातल्या माणसाने घरखर्चाला पाठवलेले, किंवा इथे फिरायला आलेल्या परदेशी पाहुण्याला लागणारे. व्यापाराचे पैसे, देणग्या, मालमत्ता खरेदी, गुंतवणूक या वाटेने चालत नाही. एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत, एका माणसाला वर्षातून ३० वेळा, आणि ५० हजार रुपयांपर्यंतच रोख. त्यावरची रक्कम चेकने किंवा खात्यात. टपाल खात्याने २००१ साली वेस्टर्न युनियनशी जोडून घेतलं ते याच कामासाठी.

रत्नागिरी-रायगडकडच्या एखाद्या पोस्टात महिन्याच्या सुरुवातीला जाऊन बघा, म्हणजे कळेल. मुलगा दोह्याला, नाहीतर नवरा कुवेतला. बाई पिशवीतून आधारची झेरॉक्स काढते, व्हॉट्सॲपवर आलेला नंबर फॉर्मवर एकेक आकडा बघत उतरवते. फॉर्मवर पाठवणाऱ्याचं नाव विचारतात, कुठल्या देशातून ते विचारतात, साधारण किती रक्कम येणार तेही विचारतात. कारकून वर न बघता विचारतो, "कोण लागतात तुमचे?" या प्रश्नाला तुम्ही काय सांगणार? गूगल तुमचं कोणी लागत नाही. तुमचे पैसे कमाईचे आहेत, परदेशी कंपनीला जाहिरातीची जागा दिल्याबद्दलचे. कायद्याच्या भाषेत सेवेची निर्यात. पोळ्या लाटता लाटता काढलेल्या फोटोंना निर्यात म्हणणं जड जातं खरं, पण बँकेत ते तसंच लिहिलं जातं.

फेसबुकवरच्या गटांत दोन 'जुगाड' सुचवले जातात, ते करू नका. पहिला, खातं उघडताना वेगळाच देश टाकायचा म्हणजे वेस्टर्न युनियनचा पर्याय दिसतो. दिसेलही. पण ॲडसेन्स खात्याचा देश नंतर बदलता येत नाही, खातं बंद करून नवीनच काढावं लागतं. शिवाय पत्ता पडताळायचा पिन कागदावर छापून, साध्या टपालाने, तुम्ही दिलेल्या त्या परदेशी पत्त्यावर जातो. तो आणायला कोण जाणार? दुसरा जुगाड म्हणजे "माझ्या नावावर घेतो, कमिशन कापून तुम्हाला देतो" म्हणणारा माणूस. त्याने पैसे दिले नाहीत तर तुमच्या हातात काहीही नाही. आणि त्याने दिले तरी आयकराच्या नजरेत ते कुठून आले, याचा कागद तुमच्याकडे नाही.

आता बँकेची वाट. तुम्हाला वाटतंय तितका व्याप नाही, पण नावाची भानगड आधीच मिटवा. आपली नावं तीन भागांची. पॅनवर 'सुनीता रमेश पाटील', पासबुकावर 'पाटील सुनीता रमेश', आणि ॲडसेन्समध्ये घाईत टाकलेलं नुसतं 'सुनीता पाटील', किंवा लग्नाआधीचं आडनाव. परदेशातून आलेले पैसे नावात फरक दिसला की मधेच अडकतात, कधी परतही जातात. म्हणून पासबुकाच्या पहिल्या पानावर नाव जसं छापलंय तसंच, त्याच स्पेलिंगने, गूगलकडे द्या. ब्लॉगचं नाव पैसे घेणाऱ्याच्या रकान्यात टाकू नका, त्या नावाचं बँक खातं नसेल तर उपयोग शून्य.

खातं नागरी सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असेल तर तिथे बहुधा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे येताना बँक ओळखायचा कोड, मिळणार नाही. मोठ्या राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँकेत साधं बचत खातं काढा, सुरुवातीला बहुतेक जण त्यावरच घेतात. स्विफ्ट कोड आणि आयएफएससी यांत हमखास गोंधळ होतो, कारण दोन्ही ११ अक्षरी असू शकतात. आयएफएससीत पाचव्या जागी कायम शून्य असतं. स्विफ्ट ८ किंवा ११ अक्षरी असतो आणि त्यात पाचवं-सहावं अक्षर देशाचं, म्हणजे आपल्यासाठी आय आणि एन. गावातल्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसतोच. बँकेची जी मोठी शाखा परकीय चलनाचं काम बघते तिचा कोड द्यायचा आणि खाते क्रमांक आपला. कुठली शाखा ते इंटरनेटवरच्या याद्यांत शोधू नका, मॅनेजरला विचारा आणि लिहून घ्या.

पिनचं बोलायचं तर तो १०० डॉलरला नाही, १० डॉलर झाले की निघतो, त्यामुळे तुमचा आला असेल किंवा हरवला असेल. साधं पत्र असतं, रजिस्टर नाही, त्यामुळे माग काढता येत नाही. दोन ते चार आठवडे लागतात. खेड्यात पोस्टमनला आधी सांगून ठेवणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. पत्त्यात घरमालकाचं किंवा वाडीचं नाव, पिनकोड आणि मोबाइल नंबर टाका. आला नाही तर पुन्हा मागवता येतो. चार महिन्यांत पिन भरला नाही की ब्लॉगवरच्या जाहिराती दिसायच्या बंद होतात, एवढं लक्षात ठेवा.

हे झालं की वेळापत्रक ठरलेलं आहे. गेल्या महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या ३ तारखेच्या सुमारास पक्की होते आणि १०० डॉलरच्या वर असली तर २१ ते २६ च्या दरम्यान पैसे निघतात. तिथून बँकेत यायला आणखी काही दिवस. डॉलर निघतात, तुमच्या खात्यात रुपये पडतात.

पहिल्या वेळी बँकेचा फोन येण्याची शक्यता आहे. मला आला होता. शाखेत गेलो तर टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "गूगल तुम्हाला पैसे का देतं?" ब्लॉग उघडून जाहिरात दाखवली. त्यांनी स्क्रोल करून एक लेख वाचलासुद्धा, मग एक फॉर्म पुढे केला. त्यात 'पर्पज कोड' विचारतात, पैसे कशाबद्दल आले ते सांगणारा रिझर्व्ह बँकेचा कोड. जाहिरातींसाठी पी १००७ टाकतात. सोबत ॲडसेन्समधल्या पेमेंटच्या पावतीची प्रिंट न्या, ती असली की चर्चा लांबत नाही. एकदा नोंद झाली की पुढच्या वेळी सहसा कोणी विचारत नाही. रक्कम आल्याचं बँकेचं पत्र मात्र मागून घ्या, 'इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस' म्हणायचं. हाच तो कागद, जो रोखीच्या वाटेने गेलात तर कधी मिळाला नसता.

कापलं किती जातं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिली रक्कम बघून विचाराल. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर १०० डॉलरचे ८,५०० व्हायला हवेत. तितके येत नाहीत. बँक डॉलर घेते तो तिच्या भावाने, बाजारभावाच्या खाली. त्यावर बँकेचं परदेशी रकमेचं शुल्क, आणि कधीकधी वाटेतली एखादी बँकही आपला वाटा काढते. चलन बदलण्यावर जीएसटी आहे, तो इतक्या लहान रकमेला किमान ४५ रुपये बसतो. शुल्क बँकेगणिक वेगळं, म्हणून खातं उघडण्याआधी चार ठिकाणी विचारा. दरमहा ठरावीक रक्कम जाणार असेल तर फरक जाणवतो. माझं मत विचाराल तर ॲडसेन्समध्ये स्वतःच थ्रेशोल्ड, म्हणजे किती रक्कम जमल्यावर पैसे निघावेत ती मर्यादा, वाढवून ३००-४०० डॉलर करून ठेवा. दर १०० डॉलरमागे शुल्क घालवण्यापेक्षा वर्षातून तीनदा घेतलेले बरे. मराठी पाककृतींच्या ब्लॉगला १०० डॉलर जमायला किती महिने लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल, तेव्हा घाईची गरज असेल तर मात्र आहे तसंच राहू द्या.

पेपालचंही कुणीतरी सुचवेल. ॲडसेन्स पेपालवर पैसे देत नाही. दुसऱ्या काही जाहिरात कंपन्या देतात, आणि भारतात पेपालवर परदेशातून आलेले पैसे आपोआप बँक खात्यातच वळते होतात, तिथेही पर्पज कोड भरावाच लागतो. म्हणजे बँक चुकत नाहीच.

तुमचं यूट्यूब चॅनलही असेल तर त्याचं पेमेंट खातं २०२२ पासून वेगळं झालंय. ब्लॉगचे ६० आणि यूट्यूबचे ५० डॉलर मिळून १०० होत नाहीत. यूट्यूबसाठी अमेरिकेचा करफॉर्मही भरा, पॅन नंबर टाकून; नाही भरलात तर जगभरातल्या एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कर कापला जाऊ शकतो, भरलात तर फक्त अमेरिकन प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर, भारत-अमेरिका कराराप्रमाणे १५ टक्के. इथल्या आयकरात हे उत्पन्न दाखवायचं असतंच, रक्कम लहान असली तरी. कुठल्या रकान्यात, ते मार्चच्या आधी एखाद्या सीएला विचारा आणि जाताना बँकेची ती पत्रं बरोबर न्या.