पोराले काऊन?

"देव न्यायी आहे ना, मग माझ्याच लेकराला हे का?" नागपुरात सिकलसेल (आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) असलेल्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा सात वर्षांचा. थंडी सुरू झाली की हातापायांचे सांधे असह्य दुखायचे. तपासणीत 'एसएस' निघाला, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. सासूबाई म्हणाल्या, "मागच्या जन्माचं हाय, भोगाच लागते." मग शांती झाली, कोराडीच्या देवीला नवस झाला. तरीही मुलाला पुन्हा भरती करावं लागलं, तेव्हा बाईंनी पूजा सोडली. आणि सोडली म्हणून दुखणं वाढेल, ही भीती वेगळीच. "मले सांगा मॅडम, पाप मी केलं असन, तर पोराले काऊन?"

"असं काही नसतं" असं मी म्हटलं नाही. इतक्या वर्षांची श्रद्धा एका वाक्यात काढून घ्यायची, तर त्या जागी ठेवायला माझ्याकडे काय होतं? मी एवढंच विचारलं, की हे बोलणं मुलाच्या कानावर जातं का. त्या रडायला लागल्या. मुलानेच विचारलं होतं, "आई, मी काय केलं होतं?"

मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रश्नाची वाटते. कर्मसिद्धांत खरा की खोटा, हे मोठ्यांनी आयुष्यभर शोधावं. पण आजारी मुलाने स्वतःला गुन्हेगार समजू नये.

पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. दोघांचेही रिपोर्ट 'एएस', म्हणजे दोघेही वाहक: स्वतःला आजार नाही, पण मुलाकडे जाऊ शकतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात 4 पैकी 1 शक्यता बाळ 'एसएस' असण्याची. आधीचं मूल निरोगी असलं तरी पुढच्या वेळी तेवढीच. घरात तोवर सगळा दोष एकट्या बाईंच्या माथी होता. नवरा बराच वेळ गप्प बसला.

बाई पोथी वाचणाऱ्या, म्हणून पोथीतलंच बोलले. महाभारतातल्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला विचारते, धर्माने वागणारे वनात आणि अधर्मी राज्य भोगतात, हा विधात्याचा कसला न्याय? तो तिला नास्तिकासारखं बोलतेस म्हणतो, तरी व्यासांनी तिचे शब्द गाळले नाहीत. आणि 'गहना कर्मणो गतिः' असं गीतेत कृष्णच सांगतो. कर्माची गती इतकी गहन असेल, तर एखाद्या लेकराचं कोणतं पाप फळाला आलं, हे शेजारणीला कसं कळावं? (बौद्ध घरातल्या आईशी बोलताना मी सीवक सुत्त, म्हणजे बुद्धांचा एक उपदेश, सांगते. सगळं दुःख पूर्वकर्माचंच, हे मत बुद्धांनी तिथे नाकारलं आहे. कारणांमध्ये पित्त, कफ, वात आणि ऋतुबदलही मोजले आहेत.)

"मग शंका घेतली तर चालते?" त्यांनी विचारलं. चालते.

मुलाला त्यांनी सांगितलं, "तू काही केलं नाहीस. तुझं रक्त आमच्या दोघांकडून असं आलं." फॉलिक अॅसिडची गोळी, भरपूर पाणी, थंडीत गरम कपडे आणि ताप आला की लगेच दवाखाना, हे आता नवराही बघतो. देवाच्या न्यायावर आमचं बोलणं अजून सुरू आहे. कधी त्या टेकडीच्या गणपतीला जाऊन येतात, कधी चिडून जात नाहीत.

सासूबाई मागचा जन्म अजूनही मानतात. पण धाकट्या दिराचं लग्न जुळवताना मुलीकडच्यांसमोर रक्ततपासणीची गोष्ट त्यांनीच काढली.