ह्यू, व्हॅल्यू, क्रोमा : नेमकं बघायचं काय?

प्रश्न : घरी ॲक्रिलिक करता करता आता वीकेंडच्या क्लासला जायला लागलेय. सर सारखं म्हणतात व्हॅल्यू चुकतेय, क्रोमा कमी कर, इथे टोन हवा. मी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मूळ रंग, दुय्यम रंग, उष्ण-शीत एवढंच शिकले होते. शिवाय दुकानात कॅडमियम यलो आणि कॅडमियम यलो ह्यू अशा दोन ट्यूब दिसल्या, पहिली बरीच महाग. घ्यायची कुठली?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, शाळेत शिकलात ते बरोबरच आहे, फक्त ते रंगचक्रापाशी थांबतं. चक्रावर दिसतो तो ह्यू, म्हणजे रंग लाल की निळा की पिवळा एवढंच. अमेरिकेतले कलाशिक्षक अल्बर्ट मनसेल यांनी १९०५ मध्ये पुस्तक काढून रंगाला तीन मापं लावली, ह्यू तर आहेच, शिवाय व्हॅल्यू म्हणजे रंग किती फिका किंवा गडद (काळा ०, पांढरा १०) आणि क्रोमा म्हणजे तो किती तेजदार किंवा मळकट. पांढरा मिसळला की टिंट, काळा मिसळला की शेड, राखाडी मिसळला की टोन. पण बरेच जण टोन हा शब्द सरळ व्हॅल्यूसाठीच वापरतात, तेव्हा सरांना एकदा विचारून घ्या.

आता पांढऱ्या कापडावरचं लिंबू रंगवायला घ्या. उजेडाची बाजू जमते, सावलीत मात्र बहुतेक जण पिवळ्यात काळा घालतात आणि लिंबू शेवाळी हिरवं दिसायला लागतं, म्हणजे उतरवायची होती व्हॅल्यू आणि बदलला ह्यू! तिथे यलो ऑकर (मातकट पिवळा) घ्या, मग थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), आणि अगदी खोल सावलीत किंचित जांभळा. जांभळा हा पिवळ्याचा विरोधी, म्हणजे रंगचक्रावर समोरासमोरचा रंग, त्यामुळे तो क्रोमा मारतो आणि मुळातच गडद असल्यामुळे व्हॅल्यूही खाली आणतो. काळ्यासारखा पांढराही ह्यू बदलतो, लालमध्ये घातला की लाल नुसता फिका होत नाही, थंड पडून गुलाबीकडे जातो.

या तिघांत आधी व्हॅल्यू धरा असं मी अगदी ठासून सांगेन, कारण ती बरोबर असेल तर रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी लिंबू गोल दिसतं, आणि ती चुकली तर कितीही महाग रंग लावा, ते चपटंच राहतं. मोबाईलवर चित्राचा आणि खऱ्या लिंबाचा फोटो काढून दोन्ही ब्लॅक अँड व्हाईट करा. खऱ्या फोटोत सावलीची बाजू कापडापासून सुटी दिसतेय आणि तुमच्या चित्रात दोन्ही एकाच राखाडीत गेलंय, तर सर म्हणतात ते हेच.

ट्यूबवरचा ह्यू मात्र वेगळा. तिथे त्याचा अर्थ खऱ्या कॅडमियमऐवजी दुसऱ्या, सहसा स्वस्त पिगमेंटने (रंगद्रव्याने) जमवलेला तसाच रंग. ही फसवणूक नाही. ट्यूबवर बारीक अक्षरात कोड असतो तो वाचा, पीवाय ३५ (PY35) किंवा पीवाय ३७ (PY37) म्हणजे खरं कॅडमियम. ते खालचा रंग चांगला झाकतं, ह्यूवाला बऱ्याचदा पारदर्शक असतो आणि दोन-तीन हात द्यावे लागतात. क्लासच्या सरावाला ह्यूच घ्या, पुरेसा आहे. पुढे कधी खरं कॅडमियम घेतलंत तर वाळलेला थर सँडपेपरने कोरडा घासू नका, ती धूळ श्वासातून आत जाणं घातक असतं.