सीटी गायडेड बायोप्सीत फुफ्फुसाला भोक पडायची भीती कितपत?

तुमच्या वडिलांच्या फुफ्फुसात दीड सेंटीमीटरची गाठ आहे, सीटी स्कॅनवर बघत सुईने तुकडा काढायची बायोप्सी सांगितलीय आणि घरातले नको म्हणतायत. माझं मत सरळ आहे: करा. फक्त गाठीइतकीच चौकशी भोवतालच्या फुफ्फुसाची करा.

आमच्या आईची पुण्यातच झाली. तिने बिडीला कधी हात लावला नाही, पण जुन्नरकडे अर्धं आयुष्य चुलीपुढे फुंकणी घेऊन गेलं. फॉर्मवर ‘धूम्रपान नाही’ लिहिलं की विषय संपला. चुलीच्या धुराने सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागायचा जुनाट आजार) होतो हे पुण्याच्याच डॉ. संदीप साळवींनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलंय, तरी चुलीबद्दल तिला कोणी विचारलं नाही. गाठ लहान, आत खोलवर, आणि फुफ्फुस आधीच धुराने खराब. सुई निघाल्यावर तासाभरात दम लागला. एक्स-रेत फुफ्फुसाबाहेर गळलेली हवा दिसली, ती काढायला बरगड्यांमधून नळी घातली. खाटेखालच्या बाटलीत ती खोकली की बुडबुडे यायचे. बुडबुडे थांबले का, हे ती दर थोड्या वेळाने मलाच वाकून बघायला लावायची. थांबले, नळी निघाली, रिपोर्टमध्ये टीबी निघाला. गोळ्यांनी बरी झाली.

दादा मात्र अजून म्हणतो, “सुई टोचली म्हणूनच आईचे हाल झाले.” अरे, न टोचता कॅन्सर समजून छाती उघडली असती तर? आणि सुईने कॅन्सर पसरतो हे त्याचं पालुपद! तसं होतं, पण अगदी क्वचित. त्या भीतीने निदान लांबवणं जास्त घातक.

साधारण पाचात एकाला हवा गळते, त्यातल्या बहुतेकांना नळी लागत नाही. एम्फिसीमा (फुफ्फुसातले हवेचे फुगे फाटून खराब होणं), लहान किंवा खोल गाठ, सुई फुफ्फुसाच्या दोन भागांमधली फट ओलांडून जाणं, फुफ्फुसाच्या आवरणाला पुन्हापुन्हा टोचणं, यांनी धोका वाढतो. म्हणून कोअॅक्सियल सुई वापरणार का, ते विचारा. त्यात बाहेरची सुई एकदाच आत जाते आणि तिच्यातूनच हवे तितके तुकडे घेता येतात. सुई आत असताना खोकायचं नाही, श्वास सांगतील तसाच धरायचा, हे वडिलांकडून आदल्या दिवशी घोकून घ्या.

हो, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. हवा गळलीच तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत विमानप्रवास नाही. नमुना टीबीच्या तपासणीलाही पाठवायला सांगा. आणि घरात नको म्हणणारा जो कोणी असेल, त्याला डॉक्टरांसमोर बसवून त्याचे प्रश्न तिथेच विचारायला लावा. दादा तेव्हा आत यायलाच तयार नव्हता.