'आई आता स्वस्थ आहे' : मराठी की हिंदी?

प्रश्न असा आहे : आईला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. उजवा हात अजून उचलत नाही, पण सुरुवातीची चिडचिड, रडणं थांबलंय. डाव्या हाताने शेंगा सोलते, नातवाशी पत्ते खेळते. नातेवाइकांना 'आई आता स्वस्थ आहे' असं कळवलं तर चालेल का? भाऊ म्हणतो, ही हिंदी झाली.

भावाचं निम्मं बरोबर आहे. 'निरोगी' या अर्थी 'स्वस्थ' हिंदीत रोजचा. आपण त्यासाठी ठणठणीत, धडधाकट म्हणतो. आपला 'स्वस्थ' म्हणजे शांत, निवांत : 'जरा स्वस्थ बस', 'मुलगी घरी येईपर्यंत जिवाला स्वस्थता नाही'. तुम्हाला नेमकं हेच सांगायचंय, तेव्हा शब्द अचूक आहे.

हा अर्थ काही मराठीने पदरचा घातलेला नाही. स्व + स्थ, आपल्या ठायी असलेला. गीतेच्या 14व्या अध्यायात गुणातीताच्या, म्हणजे सत्त्व-रज-तमाच्या पलीकडे गेलेल्या माणसाच्या, लक्षणांत 'समदुःखसुखः स्वस्थः' येतं. म्हणजे दुःख आहेच, तरीही माणूस स्वस्थ. आयुर्वेदाचार्य सुश्रुताने केलेल्या 'स्वस्थ'च्या व्याख्येत शरीर आणि मन दोन्ही बाजू आहेत : आधी दोष (वात, पित्त, कफ), अग्नी (पचनशक्ती), धातू (रक्त, मांस वगैरे) सम हवेत, आणि मग 'प्रसन्नात्मेन्द्रियमनाः', आत्मा, इंद्रियं, मन प्रसन्न हवं. मला वाटतं, हिंदीच्या वापरात त्यातला पूर्वार्ध वर आला, मराठीत उत्तरार्ध.

'अस्वस्थ' मात्र आपल्याकडे शरीर आणि मन दोहोंना चालतो. 'अत्यवस्थ' वेगळा, तो जिवावर बेतलेल्या दुखण्यासाठी. घाईत तो पडला तर वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येईल.

बोलण्यातला साधा शब्द 'बरी'. त्यातही फरक पाहा : 'बरी झाली' म्हणजे दुखणं गेलं, 'बरी आहे' म्हणजे दुखणं असेलही, पण नीट चाललंय. वर्षानुवर्षं संधिवात सोसणारी माणसं 'बरं आहे' म्हणतात तेव्हा खोटं बोलत नसतात. फक्त हे दोन शब्द येताजाता बोलून इतके गुळगुळीत झालेत, की तुमच्या आईने जे कमावलंय ते त्यांत मावायचं नाही.

म्हणून 'स्वस्थ'च ठेवा. 'स्वस्थ पडून असते' तेवढं टाळा, त्यातून हालचाल थांबल्यासारखं वाटतं. मी असं लिहीन : 'हात अजून उचलत नाही, व्यायाम चालू आहेत, पण आई आता स्वस्थ आहे.' हाताची बातमी आधी दिली की 'स्वस्थ'चा अर्थ कुणी 'ठणठणीत' असा घेणार नाही.