आजोबांच्या रायफलीवर मुकुट, ‘जीआरआय’, ‘ईशापूर’ आणि 1942 कोरले आहे. ती कोणती व तिचे मोल कसे ठरते?

ती बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनलेली .303 बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतील व्यास, इंचांत) ली-एनफील्ड रायफल असावी, कारण दस्त्यालगतच्या धातूच्या कड्यावर हेच ठसे असत आणि ‘जीआरआय’ ही सम्राट जॉर्जची लॅटिन आद्याक्षरे आहेत. मोल ठरवताना बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा), नळी व मुख्य सांगाडा यांवरील क्रमांक जुळतात का, हे आधी पाहतात. हौसेने घासून वॉर्निश चढवलेले लाकूड मोल वाढवत नाही, घटवते. मात्र मॅगझिनच्या (गोळ्यांच्या कप्प्याच्या) जागी लाकडी ठोकळा असून नळी आतून गुळगुळीत असेल, तर ती नंतर .410 बोअरची एकबारी (एका वेळी एकच काडतूस भरायची) बंदूक केलेली आहे. .303 हा भारतात प्रतिबंधित बोअर असल्याने, परवाना नसल्यास मूल्यांकनाआधी 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार ती विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करावी.