दुखत नाही म्हणजे खुबा जागेवर आहे असं नाही

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला अगदी लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचाल बिघडणं) असलेल्या मुलांच्या पालकांच्या पत्रांत गावं बदलतात, गोंधळ तोच असतो. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या मुलाला हात लावून तपासलेल्या डॉक्टरांचा आणि थेरपिस्टचा शब्द याच्या वर.

मुलगा 14 महिन्यांचा आहे, आधाराशिवाय बसत नाही. सगळं उजव्या हाताने करतो, डावी मूठ मिटलेली असते. सासूबाई म्हणतात, त्याचे बाबाही उशिराच चालले. दोन वर्षांपर्यंत वाट पाहावी का? (एक आई, सिन्नर)

नाही. याच आठवड्यात दाखवा. 9 महिने उलटूनही आधाराशिवाय न बसणं आणि वर्षाच्या आत एकाच हाताची सवय लागणं, दोन्ही गोष्टी तपासायलाच हव्यात. बाबा उशिरा चालले असतील, पण त्यांचीही डावी मूठ मिटलेली असायची का, ते सासूबाईंना विचारा. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगितलं तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. आणि आजाराला नाव मिळेपर्यंत थेरपी थांबवून ठेवायची नसते.

गोल वॉकर आणला तर लवकर चालेल का?

नाही. मूल त्यात चवड्यांवर रेटत पळतं आणि टाच टेकायला शिकत नाही. जिन्यावरून गडगडतं ते वेगळंच. कॅनडात 2004 पासून त्याची विक्रीच बंद आहे.

मालीशवाल्या मावशी म्हणतात, सव्वा महिना तेल जिरवलं की ताठरपणा जातो.

जात नाही. ताठरपणाचं मूळ स्नायूत नाही, मेंदूकडून स्नायूला जाणाऱ्या हुकमात आहे. हलक्या हाताने चोळलं तर मुलाला बरं वाटतं, झोप लागते. तेवढ्यासाठी खुशाल करा. पण पाय ओढणं आणि गुडघा दाबून सरळ करणं आजपासून बंद. न चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात, मांडीचं हाड अशाच ओढाताणीत मोडू शकतं. नाकात तेल सोडणंही बंद. ज्याचं गिळणं कच्चं आहे त्याच्या फुप्फुसात ते उतरतं.

मुलगी 4 वर्षांची. पायाचा स्प्लिंट (घोटा सरळ धरणारा आधार) घातला की रडते, टाच लाल होते. मेडिकलमध्ये मऊ रेडिमेड मिळतो, तो चालेल का? (एक वडील, जालना)

आधी घालण्याची पद्धत तपासा, बहुतेक वेळा चूक तिथेच असते. तिला बसवा आणि गुडघा वाकवा, म्हणजे पोटरी सैल पडते. टाच मागे खोलवर बसवा. पट्टा आवळायचा तो आधी घोट्यावरचा, पोटरीवरचा शेवटी. उलट केलं की टाच वर सरकते आणि कडेला घासते. आवळल्यावर बोटं धरून पाय हलकेच पुढे ओढून पाहा. सरकला तर टाच बसलेली नाही, पुन्हा पहिल्यापासून. आत सुती मोजा स्प्लिंटपेक्षा उंच हवा आणि त्याला एकही सुरकुती नको. नवा स्प्लिंट पहिल्या दिवशी अर्धा तासच, मग रोज थोडं वाढवत न्या. काढल्यावरची लाली अर्ध्या तासात विरली तर काळजी नको. राहिली किंवा फोड आला तर घालणं थांबवा आणि ज्यांनी बनवला त्यांच्याकडे न्या. ते प्लास्टिक तापवून कड सुधारतात. घरी कानशीने घासत बसू नका.

रेडिमेड नको. ताठ पायापुढे मऊ स्प्लिंट टिकत नाही. घोटा आतल्या आत वाकतो, वरून मात्र पाय सरळ दिसतो. प्लास्टरने पायाचा साचा घेऊनच बनवून घ्या. वाढत्या वयात तो वर्षभर पुरला तर नशीब. बोटं पुढे डोकावू लागली की नवा घ्यायचा.

मुलगी 6 वर्षांची आहे. चालत नाही, धरून बसवली तर बसते. हाडांच्या डॉक्टरांनी दर वर्षी खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितलाय. तिला काहीच दुखत नाही, मग उगाच किरणं कशाला? (एक वडील, बार्शी)

दुखत नाही तोवरच काढायचा असतो. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आज सविस्तरच सांगायला हवं.

खुबा म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडातली वाटी. तान्ह्या बाळाची वाटी उथळ असते. मूल उभं राहतं, चालतं, गोळ्याचा दाब वाटीवर पडतो आणि ती खोल होत जाते. जे मूल उभंच राहत नाही, त्याची वाटी उथळ राहते. त्यात मांड्या आत ओढणारे स्नायू ताठ असले की गोळा हळूहळू बाहेर सरकतो. हे इतकं सावकाश होतं की मूल तक्रार करत नाही. लंगोट बदलताना रडणं, मांडी न फाकणं, एक मांडी आखूड दिसणं, बसवल्यावर एकाच बाजूला कलणं हे सगळं नंतरचं. तोवर नुसता स्नायू सैल करण्याच्या छोट्या शस्त्रक्रियेची वेळ बहुधा निघून गेलेली असते आणि हाड कापून बसवण्याची गोष्ट निघते.

या मुलांच्या हालचालीच्या 5 पातळ्या मानतात. पहिल्या पातळीतली मुलं बिनआधार चालतात, पळतात. त्यांच्या खुब्याला धोका जवळपास नाही. पाचवीतल्या, मानही नीट न धरणाऱ्या मुलांत 10 पैकी 9 जणांचा खुबा सरकतो. तुमच्या वर्णनावरून मुलगी चौथ्या-पाचव्या पातळीतली वाटते. डॉक्टरांकडून नक्की करून घ्या. ‘आमची ताठ नाही, सैल आहे, तिला काय होणार’ हेही ऐकायला मिळतं. सैल मुलांचेही खुबे सरकतात.

एक्स-रेत गोळ्याचा किती टक्के भाग वाटीबाहेर आहे ते मोजतात. 30 टक्क्यांच्या वर गेला की हाडांच्या डॉक्टरांनी बघायलाच हवं. पण एकट्या आकड्यापेक्षा तो गेल्या वेळेपेक्षा किती वाढला हे जास्त बोलतं, म्हणून जुनी फिल्म रद्दीत जाऊ देऊ नका. रिपोर्टवर नुसतं ‘नॉर्मल’ लिहून आलं तर टक्का विचारा. फिल्म काढताना मुलगी उताणी, कंबर सरळ आणि दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या छताकडे हव्यात. पाय आत वळलेले असताना काढलेली फिल्म फसवते, आणि गर्दीच्या वेळी तशीच काढली जाते. पाय धरायला तुम्ही आत थांबणार असाल तर शिशाचा एप्रन मागून घ्या; गरोदर बाईने थांबू नये. एका फिल्मचे किरण थोडे असतात. निखळलेल्या खुब्याने मुलीला धड बसता येत नाही, रात्री झोप लागत नाही. त्याची भीती धरा.

पहिला एक्स-रे साधारण 1 ते 2 वर्षांच्या वयात, मग न चालणाऱ्या मुलांत 6 ते 12 महिन्यांनी, वाढ पूर्ण होईपर्यंत. नेमकं अंतर तुमचे डॉक्टर ठरवतील. मांड्या फाकवून, उभं धरणाऱ्या फ्रेममध्ये रोज तासभर, दिवसातून दोन वेळांत विभागून, उभं करणं चांगलं. किती फाकवायच्या ते थेरपिस्टकडून मोजून घ्या. पण फ्रेम आहे म्हणून एक्स-रे टाळायचा नाही.

पोटरीत बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलंय. विषच ना ते?

मोजून दिलं की औषध, ताठ स्नायू काही काळ सैल करणारं. असर पहिल्या महिना-दीड महिन्यात भरपूर असतो, तीन-चार महिन्यांत ओसरतो. त्या काळात ताण देणं, स्प्लिंट, उभं राहणं जोरात झालं तरच पैसे सार्थकी. थेरपिस्टची वेळ आधी ठरवा, सुई नंतर. मुलाला ठसका लागत असेल, श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

स्टेम सेलच्या (मूळ पेशी टोचण्याच्या) पॅकेजसाठी आगाऊ रक्कम भरलीय. पत्रकात ‘चालण्याची हमी’ आहे. (पुणे)

परत मागा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही विकार सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त मंजूर संशोधनात देता येतो आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे बिल हातात आलं तिथेच उत्तर मिळालं. अशा पॅकेजात दिवसाला तीन-तीन तास थेरपीही असते. मूल थोडं सुधारलं तर ते तिच्यामुळे, श्रेय मात्र सुई घेऊन जाते. हमी देणाऱ्याकडून कसली हमी, किती महिन्यांत, हे सहीशिक्क्याने लिहून मागा. कोणी देत नाही.

थेरपीच्या खर्चाला काही आधार?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. वर्षाला 1 लाखापर्यंतच्या संरक्षणात थेरपीही येते. आधी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. लहान मुलांना ते बहुधा मुदतीचं मिळतं. तारीख उलटू देऊ नका.

मुलगा 7 वर्षांचा, 4 वर्षं थेरपी चालू आहे. अजून किती? केंद्र 40 किलोमीटरवर आहे, आठवड्यातून एकदाच जमतं. (एक आई, अकोले)

मेंदूची इजा वाढत नाही, पण मुलगा वाढतो. हाड लांबतं, ताठ स्नायू मागे पडतो, म्हणून उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत आखडणंही वाढतं. थेरपी कमी-जास्त होईल, वाढ थांबेपर्यंत सुटणार नाही. आठवड्यातून एकदा जमतं, हरकत नाही, पण तिथे नुसतं बाहेर बसून राहू नका. थेरपिस्टसमोर तुम्ही स्वतः करून दाखवा, त्यांनी तुमचा हात दुरुस्त करावा, त्याचा व्हिडिओ घ्या. घरी वेगळा तास काढायची गरज नाही. शर्ट घालताना बाही त्यालाच ओढू द्या. जेवताना पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. टीव्हीपुढे बसायचं ते स्प्लिंट घालून आणि मागे पाय दुमडून नाही. मे महिन्यात मामाकडे जाताना स्प्लिंट घरी राहतो आणि जूनमध्ये पोटऱ्या आखडून येतात. सगळ्यात आधी तो पिशवीत टाका.